रोनी कुणाच्या कोपऱ्यात?

रोनी कुबिचेक रडली नव्हती. एवढी एक गोष्ट तरी तिला अगदी नक्की माहीत होती. बाकी सगळ्याचा गेल्या तीन आठवड्यांत असा काही गोंधळ उडाला होता की सकाळी दात घासताना आरशात बघून ती स्वतःलाच विचारायची, बाई गं, तुझं म्हणणं तरी काय आहे?

टीव्हीवर मात्र सेनेटर थेरॉन ग्रीली छातीवर हात ठेवून सांगत होते, "ड्युबेक गावातली सतरा वर्षांची रोनी डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाली, सेनेटर, माझी शाळा वाचवा!"

कसलं पाणी आणि कसलं काय! तिला सर्दी झाली होती. जानेवारीत आयोवामध्ये कुणाला सर्दी नसते? सेनेटर राष्ट्राध्यक्षपदासाठी मतं मागायला गावात आले होते, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये बंबाशेजारी उभे होते, आणि गावच्या ग्रंथपाल मिसेस टॉलेफसन म्हणाल्या, "आणखी कुणाला काही विचारायचंय?" त्यावर रोनीचा हात वर गेला. कसा गेला ते तिलाही कळलं नाही. हजेरीला "येस" म्हणाली तरी मिसेस प्रुइट पुन्हा विचारायच्या, "रोनी आली आहे का?" अशी ती मुलगी. तिनं माइक हातात घेतला आणि विचारलं, "आमच्या शाळेत एक्काहत्तर मुलं आहेत. ती शाळा शेजारच्या पार्करफील्डच्या मोठ्या शाळेत विलीन करायचं चाललंय. तुम्ही निवडून आलात तर आमच्यासारख्या शाळांचं काय होणार?"

टाळ्या काय, शिट्ट्या काय! बास्केटबॉलच्या कोच स्टान्स्कींनी तर तिला उचलायचंच बाकी ठेवलं. घरी येईपर्यंत रोनी दोन इंच उंच झाली होती.

आता एकदा माइकची चव लागल्यावर माणूस गप्प बसेल का? आठवड्यानं माजी गव्हर्नर मॅरियन होल्कम चर्चच्या तळघरात आल्या. कोलाचे, म्हणजे मधे मुरंबा भरलेले गोड पाव, खाता खाता सगळे प्रश्न विचारत होते. ड्युबेकमध्ये उमेदवार आला की त्याला प्रश्न विचारायचाच असतो, नाहीतर पाहुण्याला चहासुद्धा न विचारल्यासारखं वाटतं. रोनीनं पुन्हा हात वर केला. "आम्हाला फिजिक्स शिकवायला बाई नाहीत. पडद्यावर दिसतात त्या दोन तास लांबच्या गावात बसलेल्या असतात. मी हात वर केला तर त्यांना दिसतही नाही. असं का?"

झालं! पुढच्या मंगळवारी होल्कमबाईंची जाहिरात आली. "ड्युबेकची रोनी हात वर करते आणि तो कुणालाच दिसत नाही. लहान शाळांनी एकत्र यायला हवं. प्रत्येक मुलाला प्रयोगशाळा!"

म्हणजे रात्रीच्या बातम्यांआधी रोनी शाळा वाचवा म्हणत होती, आणि बातम्यांनंतर विलीन करा म्हणत होती. मधल्या वेळात हवामानाचा अंदाज.

"बाईसाहेब," दुसऱ्या दिवशी डेलिया जेवणाच्या रांगेत म्हणाली, "आज कुणाच्या बाजूनं रडणार आहात? म्हणजे मला रुमाल आणायला."

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच आहे. टीव्हीवर मी कुठे असते?"

डेलिया तिची सर्वात जवळची मैत्रीण, त्यामुळे तिला हे बोलायचा परवानाच होता. पण कोच स्टान्स्कींनी त्या दिवशी रोनीला हाक मारली नाही, ते मात्र लागलं.

आणि डॅड. डॅडचं काय सांगायचं! एमिल कुबिचेक चौदा वर्षं ड्युबेक शाळेची पिवळी बस चालवत होता. पार्करफील्डकडे स्वतःच्या बसगाड्या होत्या, स्वतःचे ड्रायव्हर होते. होल्कमबाईंची जाहिरात लागली तेव्हा तो सोफ्यावर बसला होता. जाहिरात संपली. त्यानं टीव्ही बंद केला, बूट घातले आणि बाहेर जाऊन अंगणातला बर्फ काढायला लागला. तो बर्फ त्यानं दुपारीच काढलेला होता.

रोनी खिडकीतून बघत राहिली. तिथे नसलेला बर्फ डॅड फावड्यानं बाजूला करत होता.

मग तिनं ठरवलं, आपण हुशार मुलीसारखं वागायचं. दोघांची शिक्षणाची धोरणं वाचायची. दोन्ही पत्रकं तिनं पलंगावर पसरली आणि दोन मार्कर घेतले. शाळा टिकेल असं काही असेल तिथे गुलाबी रेघ, फिजिक्स मिळेल असं काही असेल तिथे हिरवी. तासाभरानं बघते तर दोन्ही कागद सारखेच कलिंगडासारखे दिसत होते! "शिक्षक हा आपला कणा आहे," दोघं म्हणत होते. "एकही मूल मागे राहू नये," दोघं म्हणत होते. ग्रीलींच्या पत्रकात पान चारवर म्हटलं होतं की लहान शाळांना थेट मदत देऊ, आणि पान सहावर, "जिथे शक्य तिथे संसाधनं एकत्र आणू." होल्कमबाईंचं पान पाच म्हणत होतं की एकत्र या, आणि पान सात, "गावाची ओळख जपू." दोघांच्याही मुखपृष्ठावर पिवळी बस होती. दोन्ही बस डॅडच्या नव्हत्या.

शेवटी ती मिसेस प्रुइटकडे गेली. त्या गणित शिकवायच्या, आणि होल्कमबाईंचा ड्युबेकमधला सगळा प्रचार त्यांच्याकडे होता, त्यामुळे त्यांच्या टेबलावर बीजगणिताच्या वह्या आणि प्रचाराची स्टिकरं एकाच ढिगात पडलेली असायची.

"मिसेस प्रुइट, राष्ट्राध्यक्ष आमची शाळा बंद करू शकतात का?"

"नाही."

"मग वाचवू शकतात?"

"तसं थेट नाही. थोडेफार पैसे पाठवू शकतात. ते राज्यातून फिरत फिरत येतात. शाळेचं काय करायचं ते गाव ठरवणार, मार्चमधल्या मतदानात. हो म्हटलं तर ऑगस्टपासून पार्करफील्ड."

"मग मी मार्चमध्ये..."

"तू ऑक्टोबरमध्ये अठरा पूर्ण करतेस ना? मार्चमध्ये तुला मत नाही."

"पण सोमवारी कॉकसला, पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला, मला कुणाच्या तरी बाजूनं उभं राहता येतं!"

"येतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्या सगळ्यांना येतं."

रोनीनं हे दोनदा मनात म्हणून पाहिलं. देशाचा प्रमुख कोण व्हावा हे सांगायला ती पुरेशी मोठी होती. स्वतःच्या शाळेचं काय व्हावं हे सांगायला लहान होती. आणि ज्यांना शाळेचं काहीच करता येत नव्हतं ते दोघंही टीव्हीवर तिच्याच शाळेबद्दल बोलत होते.

"मग ते बोलतात तरी कशाला?"

"कारण तू विचारलंस," मिसेस प्रुइट म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत, "आणि रोनी, तुझा फिजिक्सचा मुद्दा अगदी बरोबर आहे. सोमवारी आमच्या कोपऱ्यात ये. तू आलीस की आणखी चार येतील."

म्हणजे त्यांनाही ती आपल्याच बाजूला हवी होती!

सोमवारी संध्याकाळी सातला शाळेचं जिम भरलं. बासष्ट माणसं, दारापाशी बुटांचं तळं, टेबलावर कॉफीचं मोठं पिंप आणि मिसेस झेमन यांचे खसखशीचे कोलाचे. मॉम येऊ शकली नाही, वृद्धाश्रमात तिची संध्याकाळची पाळी होती. कॉकसला चिठ्ठी नसते, पेटी नसते, पडदा नसतो. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्या गावासमोर उभं राहायचं आणि मोजून घ्यायचं. ज्या कोपऱ्यात दहापेक्षा कमी माणसं, तो कोपरा बाद. तिथल्यांनी मग दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी.

पूर्वेकडच्या बास्केटखाली ग्रीली. पश्चिमेकडच्या बास्केटखाली होल्कम. पायऱ्यांपाशी एक उद्योगपती, जो शिक्षणाबद्दल विचारलं तरी रस्त्यांबद्दलच उत्तर द्यायचा.

"आली! आमची रोनी आली!" ग्रीलींच्या कोपऱ्यातून कोच ओरडले. गेल्या आठवड्यातला अबोला त्यांनी बहुधा आजच्यापुरता गुंडाळून ठेवला होता.

"रोनी, इकडे!" समोरून मिसेस प्रुइटनी हात हलवला.

डॅड आधीच ग्रीलींच्या कोपऱ्यात उभा होता. त्यानं हाक मारली नाही. हातही केला नाही. फक्त जरासा बाजूला सरकला, आणि त्याच्याशेजारी एका माणसापुरती जागा मोकळी झाली.

ती जागा बघून रोनी सरळ जिमच्या मधल्या वर्तुळात जाऊन उभी राहिली.

"मध्ये उभं राहता येत नाही, बाळा," मिसेस टॉलेफसन म्हणाल्या. त्या कॉकसच्या अध्यक्षही होत्या. त्यांच्या हातात पाटी आणि गळ्यात शिट्टी होती. "मधल्या लोकांना मी मोजत नाही."

"पण माझं काही ठरलेलंच नाही."

"मग कुस्तीच्या मॅटजवळ जा. तिथे 'ठरलेलं नाही' असा कागद लावलाय. तोही कोपराच आहे, रीतसर."

रोनीला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच भिंतीवर कागद होता! खाली खुर्चीवर मिसेस झेमन विणत बसल्या होत्या, आणि दोन टोकांना ह्राडेक बंधू उभे होते. दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ज्या कोपऱ्यात भाऊ असेल तिथे जायचं नाही असं दोघांनी आपापलं ठरवलं होतं आणि नेमके एकाच ठिकाणी येऊन पोचले होते.

"मीपण," मागून डेलिया आली. "मला काहीच ठरवायचं नाहीये. शिवाय कोलाचे इथून जवळ आहेत."

पहिली मोजणी झाली. ग्रीली सत्तावीस, होल्कम चोवीस, उद्योगपती सहा, ठरलेलं नाही पाच. मिसेस टॉलेफसननी शिट्टी फुंकली. "अर्धा तास! हवं तिकडे जा, हवं त्याला पटवा."

आणि सगळं जिम रोनीवर धावून आलं. म्हणजे कोच एका बाजूनं, मिसेस प्रुइट दुसऱ्या बाजूनं.

"शाळा वाचवा असं तूच म्हणालीस की नाही?" कोच.

"म्हणाले."

"आणि फिजिक्स?" मिसेस प्रुइट.

"तेही म्हणाले."

"अगं, दोन्ही कसं असेल?" दोघं एकदम.

"दोन्ही खरं आहे म्हणून!"

"बाहेरच्या लोकांनी डोक्यात काहीतरी भरवलंय," कोच ह्राडेक बंधूंपैकी एकाला म्हणाले.

"हिच्या डोक्यात भरवायला जागा आहे का? आधीच भरलंय," दुसरा ह्राडेक म्हणाला, आणि पहिला हसला, आणि दोघंही दचकून गप्प झाले.

तेवढ्यात मिसेस टॉलेफसन म्हणाल्या, "प्रत्येक कोपऱ्याला एक मिनिट बोलता येईल. मॅटवाल्यांतर्फे कोण बोलतंय?"

मिसेस झेमननी सुया न थांबवता रोनीकडे मान वळवली. डेलियानं तिला ढकललं. झालं, रोनी गुंडाळलेल्या मॅटवर चढली. समोर सगळं ड्युबेक. तिथे माइक नव्हता, आणि गंमत म्हणजे ह्या वेळी समोर पाहुणा कुणीच नव्हता. सगळे घरचे. घरच्यांसमोर बोलणं किती कठीण असतं हे तिला आत्ता कळत होतं.

"मी रडले नव्हते," ती म्हणाली. "ते आधी सांगते. मला सर्दी होती."

लोक हसले.

"सेनेटरना मी विचारलं, कारण माझा डॅड शाळेची बस चालवतो. शाळा गेली की बस गेली. गव्हर्नरबाईंना विचारलं, कारण मला इंजिनिअर व्हायचंय. पूल बांधायचेत. पुढचं वर्ष माझं शेवटचं, आणि फिजिक्स धड झालं नाही तर एम्सच्या विद्यापीठात मला कोण घेणार? मग शाळा राहिली तर माझं काय, आणि गेली तर डॅडचं काय? मी दोन मोठ्या माणसांना विचारलं, त्या दोघांनी माझे अर्धे अर्धे प्रश्न उचलून नेले आणि टीव्हीवर लावले. उत्तर कुणीच दिलं नाही. आणि ज्या घरात विचारायला हवं होतं तिथे मी..."

तिनं डॅडकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलणं बंद पडलं असतं.

"...तिथे मी विचारलंच नाही. म्हणून मी इथे उभी आहे. मिनिट संपलं का?"

"नऊ सेकंद आहेत," मिसेस टॉलेफसन म्हणाल्या.

"मग राहू देत."

टाळ्या वाजल्या नाहीत. पण उद्योगपतीची सहा माणसं हलायला लागली. दोन होल्कमकडे, एक ग्रीलींकडे, आणि तीन चक्क मॅटकडे! "आमचंही कुठे काय ठरलंय," त्यांतला एक म्हणाला. मग ग्रीलींच्या कोपऱ्यातून म्हातारे ऑरव्हिल आले. मिसेस झेमनच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, एवढंच कारण. मॅटवर आता नऊ जण.

"एक कमी," डेलिया बोटं मोजत म्हणाली. "रोनी, एकच कमी! नाहीतर आपण बाद, आणि मग तुला त्या दोघांपैकी एकाकडे जावं लागेल."

रोनीला ते माहीत होतं. पण ती दुसरंच बघत होती. डॅड जिम ओलांडून येत होता. टोपी हातात, बूट फरशीवर करकरत.

"इंजिनिअर?" तो म्हणाला.

"पुलांची."

"कधीपासून?"

"आठवीपासून."

"तीन वर्षं! रोज माझ्याच बसनं येतेस. तीन वर्षांत एकदा सांगायला झालं नाही?"

"ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी तूच लावलीयेस ना!"

"ती पाटी बाकीच्यांसाठी आहे गं!"

"तसं त्यावर लिहिलेलं नाही."

डॅडनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ती जाहिरात लागली ना, मला वाटलं तुला इथली लाज वाटते. शाळेची. माझी."

"डॅड! काहीतरीच काय!"

"मग मी काय समजायचं? मुलगी टीव्हीवरून कळते म्हणजे..."

"मी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, जा, माझी काळजी करू नको, माझं मी बघेन."

"म्हणालोच असतो. माझं मी बघेन."

"कसं बघशील?"

रोनीनं आयुष्यभर बघितलं होतं की डॅडला सगळं माहीत असतं. कुठला रस्ता निसरडा, कुठल्या मुलाला सकाळी हाक मारायची नाही, बर्फ कधी पडेल, सगळं. आणि आता तो तिच्यासमोर उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अगदी तिचाच चेहरा होता, आरशात दात घासतानाचा.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला काहीच कळत नाहीये."

"मलापण."

"ते दिसलंच, मॅटवर चढून सांगितलंस."

तेवढ्यात कर्रर्र शिट्टी वाजली. "थांबा! जो जिथे आहे तिथेच! आता कुणी हलायचं नाही!" मिसेस टॉलेफसन पाटी घेऊन मॅटपाशी आल्या आणि पेन्सिलीनं माणसं टिपायला लागल्या. "...सात, आठ, नऊ..." पेन्सिल डॅडच्या छातीपाशी थांबली. "दहा?"

"ए एमिल!" कोच पलीकडून ओरडले. "तू आमचा आहेस! टॉलेफसनबाई, तो आमचा आहे, तो नुसता गप्पा मारायला गेलाय!"

"एमिल," मिसेस टॉलेफसन म्हणाल्या, "तू इथला की तिथला?"

"मी माझ्या मुलीशी बोलतोय."

"बोलणं संपलं का?"

डॅडनं रोनीकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला.

"मग दहा."

जिममध्ये नुसता कल्ला! कोचनी नियमांची पुस्तिका मागवली. मिसेस प्रुइटनी ती पाठ म्हणून दाखवली. ह्राडेक बंधूंनी एकमेकांना टाळी दिली आणि मग आपण हे काय केलं म्हणून हात खिशात घातले. ग्रीली सव्वीस, होल्कम सव्वीस, ठरलेलं नाही दहा. जिल्ह्याच्या सभेला गावचे पाच प्रतिनिधी जायचे, ते दोन, दोन आणि एक असे वाटले गेले. तो एक कोण? मिसेस झेमनचा गुडघा दुखत होता. ह्राडेक बंधूंपैकी कुणाचंही नाव घेतलं की दुसरा हरकत घेत होता. शेवटी मिसेस टॉलेफसननी रोनीचं नाव लिहून घेतलं.

"ड्युबेकतर्फे काय सांगू मी तिथे?" रोनी म्हणाली.

"ठरलेलं नाही, असं सांग," डेलिया म्हणाली. "तुझ्याइतकं ते कुणालाच जमणार नाही."

लोक बूट शोधत होते. डॅड मॅटवर बसला, रोनी शेजारी. दोघांच्या हातात एकेक कोलाचे.

"मार्चच्या मतपत्रिकेवर दोनच चौकोन असतात," डॅड म्हणाला. "हो आणि नाही. तिथे मॅट नसतं."

"तू काय करणार?"

"तू काय केलं असतंस?"

राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या दोन माणसांना भर सभेत प्रश्न विचारणारी ती मुलगी, आणि आता प्रश्न तिलाच आला होता. हो म्हणावं तर समोर डॅड. नाही म्हणावं तर समोर पडदा, आणि पडद्यावरच्या बाईंना न दिसणारा तिचा हात.

"मला नाही माहीत, डॅड."

"मलाही नाही." त्यानं अर्धं कोलाचे एका घासात संपवलं. "शनिवारी पार्करफील्डला जाऊ. त्यांची ती प्रयोगशाळा म्हणजे नक्की काय आहे ते बघू तरी. शनिवारी कुणी उघडून देईल का?"

"मी फोन करून विचारते." विचारायचं म्हटल्यावर तिच्या आवाजात पुन्हा जीव आला. "आणि तिथे बसगाड्या कोण बघतं तेही विचारते. त्यांना ड्रायव्हर कमी आहेत का, ते."

"ते नको विचारू."

"का?"

"ते मी विचारेन," डॅड म्हणाला. आणि मग जरा वेळानं, "किंवा विचार. नाहीतर... थांब, मला विचार करू दे."

मिसेस टॉलेफसन दिवे घालवायला लागल्या तरी तो विचारच करत होता.